पाचशे कॅन पाण्याचा हिशेब

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. वक्ते १९८३ च्या दहावीच्या तुकडीचे विद्यार्थी. २००८ ते २०१६ या काळात त्यांनी इथिओपियात मृद व जलसंधारण हा विषय शिकवला.)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘एवढी वर्षं परदेशात काढलीस, तिकडचं काहीतरी सांग. पण वीस मिनिटांत आवर, जेवणं थांबलीत.’ परदेश म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे अमेरिका येते. मी इथिओपियात होतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘तिकडं दुष्काळ असतो ना?’ माणदेशातल्या माणसानं हा प्रश्न दुसऱ्याला विचारावा याची मला नेहमी गंमत वाटते. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी चार-पाच वर्षांचा होतो. तिथं मिळणाऱ्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे. तेव्हा मी दुष्काळ बघायला परदेशी गेलो नव्हतो. तो मी घरूनच बघून गेलो होतो.

दक्षिण इथिओपियात आर्बा मिंच नावाचं शहर आहे. त्या नावाचा अर्थ ‘चाळीस झरे’. तिथं मी शिकवायला गेलो. भारतातून शिक्षक जाणं तिकडं नवीन नाही. सम्राट हैले सेलासींच्या काळापासून भारतीय मास्तर तिकडच्या शाळांत शिकवत आलेत. त्यामुळे पन्नाशी-साठीतला माणूस भेटला की तो हमखास म्हणायचा, ‘मला गणिताला भारतीय शिक्षक होते.’ आपल्या आधीच्यांनी केलेल्या कामाची पुण्याई आपल्याला अशी फुकटात मिळते.

तिथल्या दोन गमती सांगतो, कारण त्यातली एक पुढं लागणार आहे. पहिली म्हणजे कॅलेंडर. त्यांचं वर्ष तेरा महिन्यांचं आणि आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागं. त्यांनी २००० साल लागल्याचा उत्सव केला तो आपल्या २००७ च्या सप्टेंबरात. मी गेलो तेव्हा तिथं २००१ चालू होतं, म्हणजे विमानातून उतरल्याबरोबर मी सात वर्षांनी तरुण झालो. दुसरी गंमत घड्याळाची. त्यांचा दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. शाळा दोन वाजता म्हटलं तर आठला जायचं. पहिल्यांदा मी दुपारी दोनला गेलो आणि कुलूप बघून परत आलो. आपल्या आज्या सूर्योदयापासून घटका मोजायच्या, हे आठवलं असतं तर हेलपाटा वाचला असता.

आर्बा मिंचच्या दक्षिणेला नव्वदेक किलोमीटरवर कोन्सो लोकांचा डोंगराळ भाग लागतो. २००७ च्या जनगणनेत हे लोक सुमारे अडीच लाख होते. त्यांची भाषा वेगळी, राजधानीत बोलल्या जाणाऱ्या अम्हारिकशी तिचं फारसं जुळत नाही. माझ्या वर्गात एक कोन्सो मुलगा होता. मी फळ्यावर बांधबंदिस्तीची आकृती काढत असताना तो एकदा म्हणाला, ‘सर, हे आमच्या गावात आहे. बघायला चला.’ मी विद्यार्थ्यांची गाडी भरून घेऊन गेलो.

मंडळी, मी तीस वर्षं हा विषय शिकवतोय, पण तसं दृश्य आधी कधी बघितलं नव्हतं. डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत दगडी ताली. एकाखाली एक, शेकडो. आपल्याकडे ताल म्हणजे कमरेएवढी, फार तर पुरुषभर. तिथं काही ताली पाच मीटर उंचीच्या. सिमेंट नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. पाऊस आमच्यासारखाच बेभरवशाचा, फेब्रुवारी-मार्च ते मे एक हंगाम आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला एक छोटा. पडेल ते पाणी अडवायचं, माती धरून ठेवायची आणि जास्तीच्या पाण्याला वाट ठेवायची. जनावरं मोकळी सोडत नाहीत. दावणीला बांधून वैरण घालतात आणि शेणखत डोक्या-पाठीवरून ताली चढून रानात नेतात. त्या रानात ज्वारी! आपली ज्वारी मूळची त्याच भागातली, ईशान्य आफ्रिकेतली. म्हणजे आपण भाकरी खातो ती त्यांच्या पूर्वजांच्या कृपेनं. बांधाबांधावर शेवगा, आपल्या शेवग्याचा चुलतभाऊ. त्याचा पाला रोजच्या जेवणात. ज्वारीच्या पिठाचे गोळे त्या पाल्यात शिजवतात, त्याला कुरकुफा म्हणतात. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला आमच्या घरची शेवग्याच्या पाल्याची भाजी आठवली आणि घास घशात अडकला.

या भूभागाला २०११ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. नोंदीत म्हटलंय की ही परंपरा २१ पिढ्यांची, चारशे वर्षांहून जुनी आहे. पण मला ताली जितक्या आवडल्या, त्याहून जास्त त्यामागची व्यवस्था आवडली. गावं डोंगरमाथ्यावर, भोवती दगडी कोट. गावाचे वाडे-वस्त्यांसारखे विभाग, त्यांना कांता म्हणतात. प्रत्येक भागात एक मोठं उंच छपराचं सार्वजनिक घर, त्याला मोरा म्हणतात. खाली मोकळी जागा, तिथं माणसं बसतात, न्यायनिवाडा होतो. वर माळा, तिथं गावातली पोरं आणि बिनलग्नाचे तरुण झोपायला. रात्री आग लागली, कोणी आजारी पडलं, तर हाकेला धावणारी माणसं तयार. एक पिढी कारभारातून उतरून दुसरी आली की चौकात खांब उभारतात, दगड उभे करतात. ते मोजले की गावाचं वय कळतं.

आणि काम इर्जिकीनं. एकाची ताल ढासळली की दहा-वीस जण येतात. घरधन्यानं त्यांना ज्वारीची घट्ट आंबवलेली पेज द्यायची, तिला चेका म्हणतात. ती बऱ्यापैकी चढते, हे मी अनुभवानं सांगतो. ताल कधी पूर्ण होत नाही. दर पावसात कुठंतरी दगड निसटतोच आणि दरवर्षी तो परत बसवावा लागतो. चारशे वर्षं भिंत उभी आहे, ती या दरवर्षीच्या डागडुजीमुळे.

आता शाळेकडे येतो.

एका गावाच्या खालच्या अंगाला सरकारी शाळा होती. मातीच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, पाचेकशे मुलं. इथिओपियात १९९४ च्या शैक्षणिक धोरणानं दोन मोठ्या गोष्टी केल्या. प्राथमिक शाळेची फी काढून टाकली, आणि लहान मुलांना मातृभाषेतून शिकवावं असं ठरवलं. त्यामुळे खेड्यापाड्यांतून मुलं शाळेत आली. पण ऐंशीच्या वर भाषा असलेल्या देशात प्रत्येक भाषेत पुस्तकं आणि मास्तर कुठून आणायचे? धोरण कागदावर चढतं, डोंगर चढायला त्याला वेळ लागतो. घरी कोन्सो, बाजारात अम्हारिक, आणि वरच्या वर्गाच्या पुस्तकात इंग्रजी, असा त्या पोरांचा तीन मजली अभ्यास होता.

मी सहावीच्या वर्गात बसलो होतो. पाठ होता जमिनीच्या धुपीचा. शिक्षक बाहेरगावचे, मनापासून शिकवणारे. मुलं इंग्रजीत सुरात म्हणत होती, ताल म्हणजे काय, तिचा उपयोग काय. पाठ चोख. मी इंग्रजीतच विचारलं, ‘हे कोणाच्या शेतात आहे?’ एकही हात वर आला नाही. माझ्या विद्यार्थ्यानं तोच प्रश्न कोन्सोत विचारला, आणि सगळ्या वर्गाचे हात वर! खिडकीतून ताली दिसत होत्या. ती पोरं रोज त्या ताली उतरून शाळेत येत होती. पण पुस्तकातली ताल आणि बापाच्या रानातली ताल एकच आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. शाळा ही आपल्या जगाबाहेरची गोष्ट आहे, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

त्या वर्गात मला दुसरी गोष्ट दिसली. खाली पहिलीच्या वर्गात एका बाकावर चार-चार पोरं दाटीनं बसलेली, त्यात निम्म्या मुली. इथं सहावीत पुढच्या बाकावर फक्त पाच मुली. बाकीच्या कुठं गेल्या? उत्तर वाटेवरच दिसलं होतं. पाठीवर दोरीनं बांधलेला पिवळा कॅन. वीस लिटरचा, म्हणजे वीस किलोचा. उन्हाळ्यात दोन-दोन तास चालायचं. पहाटे निघालेली पोर आठला शाळेत पोचायची कशी? उशीर झाला की बाहेर उभं राहायचं. चार दिवस उभं राहिलं की पाचव्या दिवशी पोर येतच नाही.

मी इंजिनिअर माणूस. मला उपाय लगेच सुचला. शाळेच्या पत्र्यावरचं पाणी टाकीत साठवायचं! मुली शाळेत येतील आणि जाताना कॅन भरून नेतील. शंभर चौरस मीटर छतावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी मिळतं. आम्ही सहकाऱ्यांनी, भारतीय आणि इथिओपियन मिळून, वर्गणी काढली. तिकडं आपल्या भिशीसारखा प्रकार असतो, त्याला इकुब म्हणतात. आमच्या इकुबमधल्या एका महिन्याचे पैसेही त्यात घातले. विद्यार्थ्यांनी सुट्टीत काम केलं. सिमेंटची दहा हजार लिटरची टाकी उभी राहिली. फोटो काढले. मी ते फोटो घरी पाठवले, आपल्या तुकडीच्या काही जणांनाही पाठवले होते. ‘वा, नाव काढलंस’ असं तुम्ही कळवलंत.

त्या फोटोत माझ्या शेजारी सहावीतली एक मुलगी उभी आहे. तिचं नाव इथं घेत नाही. गणितात तल्लख. टाकी बांधताना मी तिला घनफळ काढायला शिकवलं, आपल्या गुरुजींनी मला शिकवलं होतं तसंच, वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची. तिनं काढलं. मग म्हणाली, ‘दहा हजार भागिले वीस, पाचशे कॅन.’ मी म्हटलं, ‘शाब्बास!’ ती थांबली आणि म्हणाली, ‘शाळेत पोरं पाचशे. म्हणजे एकेकाला एकच कॅन. मग पुढं?’

मी हसलो. तिच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, ‘पाऊस परत पडेल की!’

मित्रहो, ते हसणं मला आजही छळतं. त्या पोरीनं एका वाक्यात माझ्या आराखड्यातली चूक दाखवली होती. पाणी सगळ्यात जास्त लागतं ते पाऊस नसलेल्या महिन्यांत. सहावीतली पोर ते जाणत होती आणि मी डिग्री घेऊन जाणत नव्हतो. मला टाकी बांधायची होती आणि तिला पाणी हवं होतं. या दोन गोष्टी एकच आहेत असं मी धरून चाललो.

पाऊस संपला तशी टाकी पंधरा दिवसांत रिकामी. नळाची तोटी तुटली, ती कोणी बदलली नाही. पत्र्याची पन्हळ निखळली. चार-पाच महिन्यांनी मी गेलो तेव्हा टाकीत पालापाचोळा होता. आणि पुढच्या बाकावर ती मुलगी नव्हती. शिक्षक म्हणाले, तिला शहरात नात्यातल्या कोणाच्या घरी कामाला पाठवलं.

मी चिडलो. आपल्याकडचा साहेब चिडतो तसाच. ‘एवढं करून दिलं, यांना सांभाळता येत नाही!’ माझा विद्यार्थी काही बोलला नाही. मला वर गावात मोऱ्यात घेऊन गेला. तिथं एक म्हातारे बाबा बसले होते. १९७९ ला तिकडच्या सरकारनं देशभर साक्षरता मोहीम काढली होती, तेव्हा ते अक्षरं शिकलेले. त्यांनी माझी सगळी तक्रार ऐकून घेतली आणि दुभाष्यामार्फत शांतपणे विचारलं, ‘आमच्याकडे ताल ढासळली की ती कोणाची, हे गावाला माहीत असतं. तळ्यात गाळ साठला की उपसायची पाळी कोणाची, हेही माहीत असतं. तुमची टाकी कोणाची?’

मी म्हटलं, ‘शाळेची.’

ते म्हणाले, ‘आणि शाळा कोणाची?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळा सरकारची, मास्तर बाहेरचे, पुस्तक इंग्रजीतलं, टाकी परदेशी पाहुण्याची. ज्या लोकांनी २१ पिढ्या डोंगर धरून ठेवला, त्यांना आम्ही टाकी बांधताना एकदाही विचारलं नव्हतं, की बाबांनो कुठं बांधू, कशी बांधू, बांधू का तरी? चारशे वर्षं पाणी अडवणाऱ्यांना पाणी अडवायला शिकवायला मी गेलो होतो.

त्यानंतर आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी विचारायचं ठरवलं. पण तिथंही एक धडा मिळाला. मोऱ्यात बसतात पुरुष. त्यांनी सांगितलं, शाळेला कुंपणाची भिंत हवी, मास्तरांना राहायला खोली हवी. चुकीचं काही नव्हतं. पण पाणी वाहतात बाया आणि पोरी, त्या मोऱ्यात बोलायला येत नाहीत. इथिओपियात प्रत्येक केबेलेत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या विभागात, सरकारनं आरोग्य सेविका नेमल्यात. तिथल्या सेविकेला आम्ही विनंती केली. ती पाणवठ्यावर जाऊन बायांशी बोलली. मी तिथं नव्हतो, आणि नव्हतो म्हणूनच बाया बोलल्या.

त्यांनी काय मागितलं असेल? टाकी नाही, विहीर नाही. त्या म्हणाल्या, शाळेची वेळ बदला.

शाळा दोन पाळ्यांत भरायची. मोठी मुलं सकाळी, लहान दुपारी. बायांचं म्हणणं, हे उलटं करा. लहान पोरं सकाळी तशीही पाण्याला जात नाहीत. मोठ्या पोरी सकाळी पाणी आणतील आणि दुपारी शाळेत जातील. एवढंच! याला एक पैसा लागत नव्हता. आणि हे मला, शिक्षकांना, मोऱ्यातल्या मंडळींना, कोणालाच सुचलं नव्हतं. कारण आमच्यापैकी कोणाच्याच पाठीवर कॅन नव्हता.

ते लगेच झालं असं नाही. मुलांचे बाप म्हणाले, दुपारी वैरण कोण कापणार? शिक्षक म्हणाले, आम्ही कारात गावात राहतो, संध्याकाळी परतायला गाडी मिळत नाही. दोन महिने चर्चा चालली. शेवटी तोडगा निघाला तो असा, की कोरड्या महिन्यांत पाळ्या बदलायच्या, पावसाळ्यात पूर्वीसारखं. शिक्षकांसाठी गावानं इर्जिकीनं दोन खोल्या बांधून दिल्या. टाकीचंही ठरलं. पाणी फक्त मुलांना पिण्यासाठी आणि मुलींच्या संडासासाठी वापरायचं, घरी न्यायचं नाही. दर महिन्याला एका कांतानं पन्हळ आणि तोटी बघायची. आमच्या टाकीला तेव्हा कुठं मालक मिळाला. शाळेजवळचं जुनं तळं गाळानं भरलं होतं, तेही गावानं उपसलं. २००५ पासून तिथं आपल्या रोजगार हमीसारखी योजना आहे, सार्वजनिक कामाच्या बदल्यात धान्य किंवा पैसे. काही दिवसांचं काम त्या योजनेत बसलं, बाकीचं लोकांनी तसंच केलं.

आणि त्या सहावीच्या शिक्षकांनी एक गोष्ट स्वतःहून केली, तिचं मला सर्वांत कौतुक वाटतं. धुपीचा पाठ आला तेव्हा त्यांनी त्या म्हाताऱ्या बाबांना वर्गात बोलावलं. बाबा वर्गात बसलेच नाहीत. पोरांना घेऊन बाहेर आले आणि शाळेच्या आवारातली ढासळलेली ताल त्यांच्याकडून बांधून घेतली. कोणता दगड खाली, कोणता वर, पाण्याला वाट कुठं, सगळं कोन्सोत सांगितलं. शिक्षक मागं उभे राहून प्रत्येक शब्दाला इंग्रजी शब्द सांगत होते आणि पोरं दोन्ही लिहून घेत होती. मी परीक्षक असतो तर दोघांनाही पूर्ण मार्क दिले असते.

याचं फळ काय? सगळ्या मुली परत आल्या का? नाही. लग्नं झाली त्या आल्या नाहीत. शहरात गेल्या त्या आल्या नाहीत. पुढच्या वर्षी सहावीत पाचाच्या जागी बारा मुली होत्या, एवढंच मी डोळ्यांनी बघितलं. एका शाळेतला एक वर्ग, त्यावरून मोठा सिद्धांत मांडणार नाही.

त्या गणितातल्या मुलीबद्दल सांगायचं राहिलं. २०१५ च्या सुमारास आर्बा मिंचच्या बाजारात एका कॉफीच्या टपरीवर ती मला भेटली. तिकडं कॉफीचे दाणे समोर भाजून, कुटून, मातीच्या चंबूत उकळून देतात. तिनंच मला ओळखलं. सुट्टे पैसे परत देताना हिशेब तोंडी, क्षणात. मी विचारलं, ‘शाळा?’ म्हणाली, ‘रात्रशाळेत नाव घातलंय. पण टपरी बंद होईपर्यंत वर्ग सुटतो.’ पुन्हा वेळच आडवी आली! मी काही बोलू शकलो नाही. तिनं विचारलं, ‘टाकीत पाणी आहे का?’ म्हटलं, ‘आहे. तुझी धाकटी बहीण तेच पिते.’ त्यावर ती हसली. ती धाकटी बहीण पुढं आठवीची परीक्षा पास झाली, हे माझ्या त्या विद्यार्थ्यानं मला फोनवर कळवलं. मोठीचं वर्ष कोणी भरून दिलं नाही, देताही येणार नाही.

मंडळी, मी तुमचा वेळ का घेतोय ते आता सांगतो.

परवा मी घरातला आपल्या दहावीचा गटफोटो काढला. पहिलीला आपण या गावात एकत्र बसलो तेव्हा मुली किती होत्या आठवा, आणि त्या फोटोत किती आहेत ते मोजा. माझ्या शेजारच्या बाकावर सातवीपर्यंत एक मुलगी होती. माझ्यापेक्षा हुशार. सातवीनंतर ती आली नाही. ती का आली नाही, असं मी चाळीस वर्षांत एकदाही कोणाला विचारलं नव्हतं. ते विचारायची बुद्धी मला कोन्सोच्या डोंगरात झाली. काल तिच्या भावाला विचारलं. तो म्हणाला, ‘पाण्याला कोण जाणार होतं?’

आपल्या तुकडीनं शाळेसाठी निधी जमवलाय. त्यातून प्रवेशद्वाराला कमान बांधायची आणि तीवर १९८३ ची तुकडी असं कोरायचं, असा प्रस्ताव आहे. संयोजक माझ्यावर रागावतील, पण मला माझी टाकी आठवते. कमान वाईट नाही. माझी टाकीही वाईट नव्हती. फक्त आधी विचारूया. आजही शाळेत लांबच्या वाड्या-वस्त्यांवरून मुली येतात. त्यांना एसटीचा पास मोफत आहे, पण जादा तास सुटल्यावर गाडी आहे का? काल मी थांब्यावर उभा राहिलो. शेवटची गाडी साडेपाचला जाते आणि दहावीचा जादा तास सहाला सुटतो. हे बरोबर की चूक ते आपण मोऱ्यात बसून, म्हणजे या मांडवात बसून, ठरवू नये.

माझी विनंती एवढीच. शाळेतल्या एखाद्या बाईंनी आठवी-नववीच्या मुलींना बसवून विचारावं, ‘तुम्हाला शाळेत यायला नेमकी अडचण काय?’ त्या वेळी आपण कोणी तिथं नसावं. त्या जे सांगतील ते कदाचित फार स्वस्तातलं असेल, कदाचित नुसत्या एका अर्जाचं काम असेल. तसं असेल तर निधी उरेल, मग कमान बांधू. आणि जे करू, त्याच्याकडे दरवर्षी कोणी बघायचं, हे नावानिशी ठरवू. पहिल्या वर्षाची पाळी माझी. मी आता गावातच राहायला आलोय, तेव्हा सबब सांगता येणार नाही.

गुरुजी समोर बसलेत. गुरुजी, तुम्ही आम्हाला घनफळ शिकवलंत, ते मी चार हजार किलोमीटरच्या आत-बाहेर कुठंतरी एका पोरीला शिकवलं. पण ‘मग पुढं?’ हा प्रश्न तिनं मला शिकवला. तो तुमच्यापर्यंत आणून पोचवतो आणि थांबतो.

जेवणं तयार आहेत. चला.